५३ मीटरचा शेजारी

आपली लाल एस.टी. साधारण १२ मीटर लांब असते. अशा साडेचार एसट्या एकामागे एक जोडा, पुढे एकच इंजिन लावा, एकच ड्रायव्हर बसवा आणि हे सगळं प्रकरण दोन पदरी रस्त्यावर ताशी ९०-१०० किलोमीटरने सोडून द्या. झाली रोड ट्रेन तयार! ऑस्ट्रेलियाच्या मधल्या आणि उत्तरेकडच्या ओसाड भागात हे रोजचं दृश्य आहे. तिथल्या नेहमीच्या तीन ट्रेलरवाल्या रोड ट्रेनची लांबी ५३.५ मीटरपर्यंत असू शकते आणि ट्रेलर भरलेले असतील तर एकूण वजन १०० टनांच्या वर सहज जातं.

आता त्याच रस्त्यावरचं दुसरं वाहन घ्या. एक दणकट जीपसारखी गाडी आणि तिच्या मागे टो-बॉलवर अडकवलेलं चाकांवरचं घर, म्हणजे कॅराव्हॅन. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, पाण्याच्या टाक्या. नोकरीतून रिटायर झालेली कितीतरी जोडपी असं घर मागे बांधून महिनोन्‌महिने देशभर फिरतात. त्यांना तिकडे ‘ग्रे नोमॅड्स’ म्हणतात, म्हणजे पिकल्या केसांचे भटके. (मराठी विभागाच्या संपादकांनी ‘शक्य तेवढं मराठीत लिही’ असं बजावलंय. पण टो-बॉलला मराठीत काय म्हणायचं हे मला ना कॉन्व्हेंटने शिकवलं ना आजीने. तेव्हा टो-बॉल तो टो-बॉलच.)

माझी मावशी ॲडलेडला असते. काकांनी दोन वर्षांपूर्वी एक सेकंडहँड कॅराव्हॅन घेतली आणि मागच्या जूनमध्ये परीक्षा संपल्यावर मी तीन आठवडे त्यांच्याबरोबर स्टुअर्ट हायवेने उत्तरेकडे फिरून आले. गाडी मी चालवली नाही. मागच्या सीटवर बसून वहीत आकडे लिहीत होते, त्यामुळे मावशी मला पूर्ण प्रवासभर ‘कंडक्टर’ म्हणत होती. हा लेख त्या वहीतून आला आहे. आपले बरेच सीनियर्स मास्टर्ससाठी ॲडलेड, मेलबर्न, पर्थला जातात आणि पहिल्या मोठ्या सुट्टीत चौघं-पाचजण मिळून गाडी भाड्याने घेऊन ‘आउटबॅक बघायला’ निघतात. गाडी डावीकडून चालवायची, स्टिअरिंग उजवीकडे, सगळं आपल्यासारखंच. त्यामुळे आपल्याला वाटतं की हा रस्ता आपल्याला येतो. तो येत नाही!

आधी अंतरं बघा. स्टुअर्ट हायवे दक्षिणेला पोर्ट ऑगस्टापासून उत्तरेला डार्विनपर्यंत सुमारे २,७०० कि.मी. जातो. दुसरा प्रसिद्ध रस्ता एअर हायवे, नलारबॉर या झाडं नसलेल्या पठारावरून पश्चिमेकडे जाणारा. त्यावर बॅलडोनिया ते कैग्युना या दोन ठिकाणांच्या मधला १४६.६ कि.मी.चा तुकडा एकदम सरळ आहे, एकही वळण नाही. आपला मुंबई-पुणे एक्सप्रेसवे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, तोही घाट धरून! या दोन ठिकाणांमध्ये १८० कि.मी.हून जास्त अंतर पेट्रोल पंप नाही. रोडहाऊस म्हणजे ढाबा, पंप आणि लॉज एकत्र, आणि दोन रोडहाऊसच्या मध्ये फक्त रस्ता. एअर हायवेवर काही ठिकाणी डांबरावर पांढरे पट्टे मारलेले दिसतात. ती ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ची विमानं उतरवायची जागा. अपघात झाला तर ॲम्ब्युलन्सऐवजी विमान येऊन चक्क हायवेवर उतरतं. म्हणजे मदत किती लांब असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

मग अशा रस्त्यावर एवढे मोठे ट्रक का? कारण माल न्यायला दुसरं काही फारसं नव्हतं. दक्षिणेकडून आलेली रेल्वे १९२९ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला पोचली आणि तिथून पुढे डार्विनपर्यंत जायला तिला २००४ साल उजाडलं. मधली पंचाहत्तर वर्षं सगळा भार रस्त्यावर. १९३४ मध्ये सरकारने ब्रिटनच्या एईसी कंपनीचा आठही चाकं फिरवणारा ट्रक ट्रेलरसकट आणून पाहिला. पण आजच्या रोड ट्रेनचा जनक म्हणून कर्ट योहानसेन या ॲलिस स्प्रिंग्जच्या माणसाचं नाव घेतात. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने रणगाडे वाहणारा एक अमेरिकन लष्करी ट्रक घेतला आणि त्याच्या मागे गुरं वाहणारे ट्रेलर स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बनवून जोडले. ट्रेलर असे की पुढच्याच्या चाकोरीतून मागचा बरोबर जाईल. मेकॅनिकलवाल्यांनो, हा माणूस आपला! आज त्या रोडहाऊसमधलं दूध, पाव आणि काकांच्या गाडीत भरलेलं डिझेल सगळं रोड ट्रेननेच येतं. कॅराव्हॅनवाले सुट्टीवर असतात आणि ट्रकवाला कामावर. हे एक वाक्य डोक्यात ठेवलं तर अर्धा लेख समजला.

आता गणित. कंटाळा करू नका, बारावीचंच आहे.

समजा रोड ट्रेन १०० च्या वेगाने मागून येतेय आणि काकांची गाडी ९० ने चाललीय. गाडी आणि कॅराव्हॅन मिळून लांबी १४ मीटर. ओव्हरटेक करताना ट्रकवाला मागे ४० मीटर असताना बाहेर पडला आणि पुढे ४० मीटर गेल्यावर परत आपल्या लेनमध्ये आला असं धरू. म्हणजे आपल्या तुलनेत त्याला कापायचं अंतर ५३.५ + १४ + ४० + ४० = १४७.५ मीटर. वेगातला फरक ताशी १० कि.मी., म्हणजे सेकंदाला २.७८ मीटर. भागाकार केला की येतात ५३ सेकंद. जवळजवळ एक मिनिट १०० टनांचं धूड चुकीच्या लेनमध्ये! तेवढ्या वेळात ते दीड किलोमीटर पुढे जातं. समोरून कोणी ११० ने येत असेल तर तोही एक किलोमीटर सहाशे मीटर कापतो. म्हणजे तीन किलोमीटरच्या वर रस्ता मोकळा दिसायला हवा. तिथल्या उन्हात लांबच्या रस्त्यावर मृगजळ दिसतं, त्यात तीन किलोमीटरवरची गाडी ओळखणं किती अवघड आहे ते मी स्वतः पाहिलं. आधी एक चकाकता ठिपका दिसतो, तो बराच वेळ तिथेच तरंगत राहतो आणि मग एकदम ट्रक होऊन अंगावर येतो.

आता फक्त एक गोष्ट बदला. ट्रक पूर्णपणे उजव्या लेनमध्ये आल्यावर काकांनी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि वेग ७० वर येऊ दिला. फरक ३० चा झाला, सेकंदाला ८.३३ मीटर. तेच १४७.५ मीटर आता १८ सेकंदांत होतात (वेग हळूहळू उतरतो म्हणून प्रत्यक्षात थोडे जास्त धरा). चुकीच्या लेनमधलं अंतर दीड किलोमीटरवरून अर्ध्या किलोमीटरवर आलं. आणि यासाठी काकांचे किती सेकंद गेले? फार तर पंधरा-वीस!

मग प्रश्न असा की ट्रक मागे दिसताच आधीच वेग कमी का करू नये? आपल्याला वाटतं की आपण सभ्यपणा करतोय. इथेच खरी गंमत आहे, म्हणजे गंमत नाही, धोका आहे. भरलेली रोड ट्रेन समजा ११५ टनांची. ८० वरून १०० वर जायला तिला जी जास्तीची गतिज ऊर्जा लागते ती सुमारे १६ मेगाज्यूल भरते. ६०० अश्वशक्तीचं इंजिन म्हणजे साधारण ४५० किलोवॅट. सगळी ताकद फक्त वेग वाढवायला वापरली तरी ३५ सेकंद. पण निम्म्याहून जास्त ताकद नुसती चाकांचं घर्षण आणि हवेचा विरोध यांतच जाते, त्यामुळे प्रत्यक्षात दीड-दोन मिनिटं सहज लागतात आणि जरा चढ असला तर विचारूच नका. म्हणून ट्रकवाला मैलभर मागूनच आपला वेग जोखतो आणि त्या हिशेबाने ‘रन-अप’ घेऊन येतो, फास्ट बोलरसारखा. तो अजून आपल्या मागेच असताना आपण ब्रेक मारला की त्याचा हिशेब मोडतो. त्याला ब्रेक दाबावा लागतो, जमवलेला वेग जातो, आणि आता तो आपल्या शेपटीला चिकटून ७० ने चाललेला असतो. मग ओव्हरटेक करायला त्याला शून्यापासून सुरुवात. मधल्या काळात समोरचा मोकळा रस्ताही संपतो.

तेव्हा क्रम महत्त्वाचा. तो मागे असेपर्यंत आपला वेग काटेकोर तोच ठेवायचा. तो बाहेर पडला की मगच पाय उचलायचा. ब्रेक नाही, नुसता पाय उचलायचा.

दुसरा सभ्यपणा याहून वाईट. ट्रकला जागा द्यायची म्हणून आपण डावीकडे सरकतो आणि गाडीची डावी चाकं साइडपट्टीवर उतरतात. आपल्याकडे समोरून ट्रक आला की बाइकवाला हेच करतो, हाडात भिनलेली सवय आहे. पण कॅराव्हॅनची डावी चाकं खडीवर आणि उजवी डांबरावर असली की दोन्ही बाजूंची पकड वेगळी होते. शिवाय डांबराच्या कडेला बऱ्याच ठिकाणी चार बोटं उंचीची पायरी असते. वर यायला स्टिअरिंग वळवलं की चाक अडतं, अडतं आणि एकदम उडी मारून वर येतं. मागचं घर तेव्हा काय करेल याची गॅरंटी कोणी देत नाही. खडी उडून ट्रकची काच फुटते ती वेगळीच. म्हणून डांबराच्या दोन पदरी रस्त्यावर आपल्या लेनमध्ये, जरा डाव्या अंगाला, पण डांबरावरच राहायचं.

याचा अपवाद आहे. आत काही रस्ते असे आहेत की डांबराची पट्टी एकाच गाडीपुरती असते. तिथे रोड ट्रेन समोरून दिसली की आपणच वेग कमी करून पूर्णपणे खाली उतरायचं आणि थांबायचं. अर्धवट नाही, पूर्ण. तिने खाली उतरावं अशी अपेक्षा करायची नाही. तिचे मागचे ट्रेलर उतारावर उलटू शकतात आणि ६० चाकं खडीवर आली तर दगडांचा जो पाऊस पडेल तो आपल्याच काचेवर.

कॅराव्हॅन हलते का, हा आता आपल्या डायनॅमिक्सच्या पेपरातला प्रश्न. टो-बॉल म्हणजे एक पिव्हट. त्यामागे दोन-अडीच टनांचं घर आडवं झुलू शकतं. ट्रक उजवीकडून येताना त्याच्या नाकापुढे दाबलेल्या हवेची एक लाट असते. ती आधी कॅराव्हॅनच्या मागच्या कोपऱ्याला डावीकडे ढकलते. घर आपल्या चाकांभोवती फिरतं, त्याचं पुढचं टोक गाडीची शेपटी उजवीकडे लोटतं. मग लाट पुढे सरकते, ढकलणं उलट होतं, आणि ट्रकची लांब बाजू शेजारी आली की दोघांच्या मधल्या कमी दाबाने घर ट्रककडे ओढलं जातं. आधी धक्का, मग ओढ. समोरून येणारी रोड ट्रेन भीतिदायक दिसते, पण दोघांचे वेग मिळून ताशी १९०-२०० होतात, त्यामुळे तिचा वारा सव्वा सेकंदात संपतो. मागून येणारी मात्र ताशी १० च्या फरकाने आपल्या बाजूला २४ सेकंद असते. झुलायला भरपूर वेळ! पाय उचलून फरक ३० चा केला तर ८ सेकंद. म्हणजे मघाचंच उत्तर दुसऱ्या वाटेने पुन्हा आलं. आपलं काम एवढंच की शेजार लवकर संपवायचा.

झुलणं वाढेल की विरेल हे मात्र बरंचसं घरून निघतानाच ठरलेलं असतं. एका ठरावीक वेगाच्या वर गेलं की झोके आपोआप विरत नाहीत, वाढत जातात, आणि तो वेग किती हे सामान कुठे ठेवलंय यावर अवलंबून असतं. जडत्वाचं आघूर्ण mr² ने वाढतं हे आपण पाठ केलंय (एवढी दोन अक्षरं इंग्रजीत राहू द्या असं म्हणणार होते, पण संपादक नको म्हणतील, तेव्हा ‘वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग’). ३० किलोची स्टेपनी ॲक्सलपासून ३ मीटरवर, मागच्या बंपरवर लावली तर २७०. तीच अर्ध्या मीटरवर ठेवली तर साडेसात. छत्तीस पट फरक, त्याच स्टेपनीत! मागे सायकली, वर डबे, हौसेने लावलेली टूलबॉक्स... लोक हे सगळं लावतात आणि मग म्हणतात की ट्रकवाले बेदरकार आहेत. ऑस्ट्रेलियात साधारण नियम असा की कॅराव्हॅनच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भार टो-बॉलवर यावा. मागे जास्त भरलं की तो कमी होतो आणि शेपूट हलायला लागते. काकांनी निघायच्या आधी पूर्ण गाडी वजनकाट्यावर नेली. मावशीच्या लोणच्याच्या बरण्या आणि दहा किलो तांदूळ मागच्या कपाटातून ॲक्सलच्या वर आले. मावशीला ते पटलं नाही, पण आले.

आणि झोके सुरू झालेच तर? गाडीचा ब्रेक जोरात मारणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण गाडी थांबते आणि मागचं घर ढकलत राहतं. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, झोक्यामागे धावत डावी-उजवी करायची नाही. मोठ्या कॅराव्हॅनला इलेक्ट्रिक ब्रेक असतात आणि ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ त्यांचा वेगळा कंट्रोलर. त्याने फक्त कॅराव्हॅनचे ब्रेक हलकेच लावले की घर मागून ताणलं जातं आणि सरळ होतं. दोरी ताणली की सरळ होते तसंच.

आता बोलण्याविषयी. आपल्याकडे ट्रक आणि गाडी यांचं संभाषण हॉर्नवर चालतं. ‘हॉर्न ओके प्लीज’वर महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी आली तरी सवय गेलेली नाही. शिवाय आपल्याकडे बरेच ट्रकवाले उजवा इंडिकेटर देऊन ‘ये पुढे, रस्ता मोकळा आहे’ असं सांगतात. ही सवय घेऊन ऑस्ट्रेलियात गेलात तर जिवाशी खेळ आहे. तिथे उजवा इंडिकेटर म्हणजे ‘मी उजवीकडे येतोय’, बास! पुढची रोड ट्रेन उजवा दिवा दाखवतेय म्हणून आपण बाहेर पडलो तर ती ५३ मीटर आपल्याच अंगावर वळेल. ट्रकच्या मागे पाटीही असते की वळणाऱ्या वाहनाला ओव्हरटेक करू नका. सीनियर्सनी ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी माझं लिहिणं वसूल.

तिथे हॉर्नऐवजी रेडिओ असतो. यूएचएफ सीबी नावाचा पाच वॅटचा सेट, लायसन्स लागत नाही, सपाट मुलखात काही किलोमीटर ऐकू जातो. हायवेवरचे ट्रकवाले चॅनल ४० वर असतात. कॅराव्हॅनवाले आपसांत गप्पा मारायला १८ वापरतात. ५ आणि ३५ हे फक्त इमर्जन्सीसाठी कायद्याने राखून ठेवलेत. अनेक कॅराव्हॅनच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत चॅनलचा नंबर लिहिलेला असतो, म्हणजे मागच्या ट्रकला कळतं की हा माणूस ऐकतोय. चॅनल ४० वरची भाषा कशी असते हे मी इथे लिहिणार नाही. आमच्या शाळेतल्या सिस्टरांच्या हातात हा अंक पडू शकतो.

आमचं पहिलं संभाषण कूबर पीडीच्या दक्षिणेला झालं. आरशात एक काळा ठिपका वाढत होता. काकांनी माइक उचलला आणि शांतपणे सांगितलं, की उत्तरेकडे जाणाऱ्या रोड ट्रेनला, तुझ्या पुढची पांढरी कॅराव्हॅन बोलतेय, मी ९० वर आहे, तू बाहेर आलास की वेग सोडतो. पलीकडून उत्तर आलं, ‘थँक्स ड्राइव्ह’. एवढंच. पण नंतर जे झालं ते बघण्यासारखं होतं. पांढरं नाक आरसाभर झालं, मग उजवीकडे सरकलं, काकांनी पाय उचलला, एक ट्रेलर, दुसरा ट्रेलर, तिसरा ट्रेलर (तिसरा कुत्र्याच्या शेपटीसारखा थोडा हलत होता), कॅराव्हॅनला एक हलका झोका, आणि ट्रक पुढे. काका म्हणाले, “तुझी शेपटी मोकळी आहे.” त्याने डावा-उजवा दिवा एकेकदा लावला. तिकडे याचा अर्थ धन्यवाद.

काकांनी त्याला ‘समोर रस्ता मोकळा आहे, ये’ असं मात्र सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, “तो माझ्यापेक्षा दीड मीटर वर बसलाय, त्याला जास्त दिसतं. मी काय करणार ते मी सांगायचं. त्याने काय करावं ते मी सांगायचं नाही.” मला हे फार आवडलं.

उलटा प्रश्न, म्हणजे आपण रोड ट्रेनला ओव्हरटेक करावं का? गणित तेच, फक्त बाजू बदलली. ती ९० ने, आपण १०० ने, म्हणजे पुन्हा ५३ सेकंद आणि तीन किलोमीटर. काका म्हणतात, अर्ध्या तासात कुठेतरी थांबून चहाच घ्यायचाय, मग कशाला? मला त्यांचं पटतं.

एक नियम बहुतेक पर्यटकांना माहीत नसतो. गाडी आणि कॅराव्हॅन मिळून साडेसात मीटर किंवा जास्त झाली की कायद्याच्या दृष्टीने तुम्ही ‘लाँग व्हेइकल’ झालात. गावाबाहेरच्या अशा एकेरी लेनच्या रस्त्यावर पुढे दुसरं लांब वाहन असेल तर त्याच्यापासून ६० मीटर आणि रोड ट्रेनच्या भागात २०० मीटर अंतर ठेवायलाच लागतं, ओव्हरटेक करत असाल तर गोष्ट वेगळी. कारण सरळ आहे. तीन मित्र तीन कॅराव्हॅन घेऊन एकमेकांना चिकटून चालले तर मागच्या ट्रकला एक नाही, तिन्ही एकदम ओलांडाव्या लागतात. मध्ये परत यायला जागाच नाही. आपण मित्र म्हणून एकत्र चाललेलो असतो, त्याच्यासाठी आपण एक लांबलचक भिंत असतो.

शेवटी थांब्यांचं बोलायला हवं. मला वाटतं हा या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, कारण इथे गाडी चालतच नसते. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक राज्यांत २०१४ पासून जो हेवी व्हेइकलचा राष्ट्रीय कायदा आहे (वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरीचे नियम वेगळे आहेत), त्यात एकटा ड्रायव्हर साध्या नियमाप्रमाणे २४ तासांत १२ तासांपेक्षा जास्त काम करू शकत नाही आणि सलग ७ तास विश्रांती घ्यावीच लागते. डायरीत मिनिटांचा हिशेब. वेळ संपली की त्याला थांबायलाच हवं. पण ५३ मीटर कुठेही थांबत नाही, त्याला तेवढी लांब, टणक आणि आत-बाहेर सरळ जाता येईल अशी जागा लागते.

एका संध्याकाळी आम्ही हायवेलगतच्या एका मोठ्या थांब्यावर फक्त चहापुरते उभे होतो. ट्रकसाठी राखलेल्या लांब पट्ट्यात सात-आठ कॅराव्हॅन लागल्या होत्या. खुर्च्या बाहेर, चंद्र वर येत होता, कोणीतरी सॉसेज भाजत होतं. छान वातावरण होतं, खोटं कशाला बोलू. मग एक रोड ट्रेन आली, डावा इंडिकेटर लावला, वेग कमी झाला. तिचे दिवे त्या सगळ्या खुर्च्यांवरून फिरले. इंडिकेटर बंद झाला आणि ती तशीच पुढे अंधारात निघून गेली. गिअर बदलत वेग घेतानाचा तिचा आवाज बराच वेळ येत राहिला. कोणी वरही पाहिलं नाही. काका कप विसळत म्हणाले, “त्याला पुढची जागा किती लांब आहे ठाऊक आहे? आणि उद्या सकाळी हेच लोक याच रस्त्यावर त्याच्या समोरून येणार आहेत.”

न्यू साउथ वेल्समध्ये रॉड हॅनिफी या ट्रकचालकाने कित्येक वर्षं खटपट करून रस्त्याकडेच्या खुंटांवर हिरवे रिफ्लेक्टर लावून घ्यायची पद्धत सुरू केली. रात्री दिव्यात हिरवं चमकलं की ट्रकवाल्याला कळतं, पुढे आपल्याला थांबता येईल अशी मोकळी जागा आहे. पर्यटकाला याचा अर्थ एवढाच घ्यायचा की हिरवं चमकलं तर पुढे जायचं, ती जागा आपली नाही. कॅराव्हॅन छोट्या जागेत, कॅम्पसाइटवर, गावात कुठेही मावते. आणि मिश्र थांबा असेल तर एका कडेला, मागे-पुढे ट्रकची वाट न अडवता लावायची.

रात्री चालवायचंच नाही, हा काकांचा शेवटचा नियम. कांगारू आणि कुंपण नसलेली गुरं पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात. रोड ट्रेनला पुढे जाडजूड लोखंडी बुलबार असतो, ती जनावरासाठी वळत नाही, वळली तर तिसरा ट्रेलर उलटेल. तिच्या मागे चाललेल्या गाडीपुढे मग काय येऊन पडेल ते सांगता येत नाही. कच्च्या रस्त्यावर तर दिवसासुद्धा वेगळाच प्रकार. रोड ट्रेन गेली की लाल धुळीची भिंत उभी राहते आणि बॉनेटही दिसेनासं होतं. तेव्हा ती दिसताच डावीकडे पूर्ण उतरून, दिवे लावून, काचा बंद करून थांबायचं. ती गेल्यावर लगेच निघायचं नाही. धूळ खाली बसायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि त्या धुळीच्या मागे बरेचदा दुसरी रोड ट्रेन असते.